1903 चा बिल्ला, 1908 नंतरचा ठसा : एका रशियन झेतोनची तपासणी

वस्तू अगदी लहान. कडीसकट उंची 34 मिलिमीटर, वजन 9.2 ग्रॅम. ढालीच्या आकाराचा चांदीचा बिल्ला, समोरून सोन्याचं गिलीट. गडद निळ्या पारदर्शक मिन्याची जमीन, तिच्यावर व्होल्गा नदीवरच्या एका आगबोट कंपनीचा पांढरा झेंडा. झेंड्यावर सोन्याच्या पत्र्यातून कापून बसवलेली कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं, खालच्या पट्टीवर दोन सालं : 1878–1903. मागची बाजू साधी, घोटलेली चांदी. तिथे एक क्रमांक, मालकाच्या नावाची दोन कोरीव अक्षरं, रशियनमधली एक ओळ आणि धातूची शुद्धता तपासल्याचे ठसे. रशियात अशा वस्तूला झेतोन म्हणत. तो छातीवर टाचायचा नसे, खिशातल्या घड्याळाच्या साखळीला लटकवायचा असे.

लंडनमध्ये जुन्या दागिन्यांचं मूल्यांकन करताना हा बिल्ला माझ्याकडे आला. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. बिल्ला त्यांच्या आईच्या वडिलांचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाई की कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, 1903 साली, आजोबांना तो मिळाला. माझ्याकडे येण्याआधी बाईंनी तो जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवला होता. त्याने भिंगातून मागचा ठसा पाहिला आणि वस्तू खोटी ठरवली. कारणं दोन : ठसा 1908 नंतरचा आहे, म्हणजे 1903 च्या बिल्ल्यावर तो असूच शकत नाही, आणि वरची कडी बिल्ल्याच्या चांदीशी जुळत नाही. शेवटी त्याने चांदीच्या वजनाचे पैसे देऊ केले. बाईंनी बिल्ला परत घेतला, पण आजोबांविषयी ऐकलेलं सगळंच खोटं की काय, ही शंका मनात घेऊन.

व्यापाऱ्याची दोन्ही निरीक्षणं बरोबर होती. त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते म्हणूनच. खोट्याला खरं म्हणण्याचे दुष्परिणाम सगळ्यांना ठाऊक असतात. खऱ्याला खोटं ठरवलं की मात्र वस्तू भट्टीत जाते आणि प्रश्न कायमचा मिटतो.

आधी ठशाविषयी, कारण सगळा वाद तिथून सुरू झाला. झारच्या रशियात सोन्या-चांदीचा टंच हजारात किंवा कॅरेटमध्ये मोजत नसत. रशियन पौंड म्हणजे 409.5 ग्रॅम, त्याचे 96 झोलोत्निक. पौंडभर मिश्रधातूत शुद्ध धातू किती झोलोत्निक, तो आकडा ठशात येई. चांदीवर बहुतेक 84 दिसतो : 96 ने भागा, 875 निघतात. सोन्यावर 56 दिसतो, म्हणजे 583, आपल्या भाषेत 14 कॅरेट. 88 चा टंच बरोबर आपल्या 22 कॅरेटएवढा, 916. सोव्हिएत काळात 1927 पासून दशमान पद्धतीचे ठसे आले, तेव्हाही 875 आणि 583 हेच आकडे राहिले. जुना हिशोब नव्या मापात तसाच उतरवला गेला.

आकड्याशेजारचं चित्र काळ सांगतं. 1899 पासून तिथे कोकोश्निक घातलेल्या बाईचं मुंडकं येऊ लागलं. कोकोश्निक म्हणजे रशियन बायकांचा उंच, पंख्यासारखा शिरपेच. सुरुवातीला हा चेहरा डावीकडे पाहतो आणि सोबत तपासनिसाची आद्याक्षरं असतात. मॉस्कोच्या वस्तूंवर इव्हान लेबेद्किन यांची अक्षरं वारंवार भेटतात. 1908 मध्ये चेहरा उजवीकडे वळला. तपासनिसाची अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी शहरासाठी एक ग्रीक अक्षर आलं : सेंट पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा, ओडेसाला कप्पा. आपल्या बिल्ल्यावर 84, उजवीकडे पाहणारा चेहरा आणि डेल्टा. म्हणजे मॉस्को, 1908 किंवा त्यानंतर. यात शंकेला जागा नाही. समोर 1903 आणि मागे 1908 नंतरचा ठसा, एवढीच गोष्ट समोर असेल तर खोटेपणाचा संशय येणं साहजिक आहे.

बाजारात अशा बिल्ल्यांच्या नकला भरपूर आहेत, हेही सांगायला हवं. 1917 च्या क्रांतीपूर्वीच्या तीन-चार दशकांत रशियात कंपन्यांचं पेव फुटलं : तेल, विमा, रेल्वे, आगबोटी, बँका. बाकूच्या नोबेल बंधूंची तेल कंपनी 1879 मध्ये भागभांडवलावर उभी राहिली. ‘रोसिया’ ही विमा कंपनी 1881 ची. मॉस्कोतल्या लुब्यांका चौकातली तिची टोलेजंग इमारत पुढे चेकाच्या, म्हणजे बोल्शेविकांच्या गुप्त पोलिसांच्या हाती गेली. सरकारी पदकं झारकडून मिळत आणि त्यांचे नियम कडक असत. साखळीला लटकवायचा झेतोन मात्र कंपनी आपल्या मर्जीने देऊ शके. एकाच डायमधून, म्हणजे पत्रा ठोकायच्या पोलादी साच्यातून, सोन्यात, चांदीत आणि कांस्यात बिल्ले निघत. सोन्याचे वरच्यांना, चांदीचे कारकून आणि कप्तानांना. एमान्युएल नोबेल यांच्यासारखा मालक तर थेट झारच्या दरबारी जवाहिराकडून, फाबर्जेकडून, भेटवस्तू घडवून घेई. बर्फाच्या स्फटिकांसारख्या दिसणाऱ्या ज्या ब्रोचेस आज जगभर नावाजल्या जातात, त्या आल्मा पिल या तरुणीने त्यांच्यासाठी रेखाटल्या होत्या.

अस्सल बिल्ले उरले थोडे. 1918 मध्ये नदीवरच्या आगबोट कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि जुन्या मालकाचा बिल्ला साखळीला लावून हिंडणं धोक्याचं ठरलं. पुढे 1931 ते 1936 या काळात तोर्गसिन नावाची सरकारी दुकानं होती. तिथे सोनं-चांदी दिली की पीठ, साखर, तेल मिळे. 1932–33 च्या दुष्काळात लोकांनी लग्नाच्या अंगठ्या आणि गळ्यातले क्रॉस तिथे नेऊन दिले. कंपनीचा बिल्ला कुणी कशाला मागे ठेवेल? ते सगळं वितळलं. शिल्लक राहिले त्यांतले बरेच परागंदा झालेल्या कुटुंबांबरोबर बाहेर गेले. वस्तू दुर्मीळ, मागणी मोठी आणि आकार लहान, म्हणून नकलाकारांचं हे आवडतं क्षेत्र झालं.

आता तपासणी. पहिला प्रश्न : बिल्ला डायने ठोकलेला की खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेला? ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट होतात, खोलगट भागात बारीक फोड किंवा छिद्रं राहतात, आणि ठसाही मूळ वस्तूबरोबर ओतला गेल्याने मऊ, साबणासारखा दिसतो. इथे पट्टीवरच्या आकड्यांच्या कडा ताठ होत्या. आकड्यांच्या पायथ्याशी धातू दाबाने सरकल्याच्या रेषा सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत होत्या. बिल्ला ठोकलेला होता.

दुसरी शंका अधिक कावेबाज. जुन्या चमच्यावरचा खरा ठसा कापून नव्या वस्तूत डाकाने, म्हणजे जोड देणारा मिश्रधातू वितळवून, बसवायचा, ही लबाडी फार जुनी आहे. ती पकडायला महागडं यंत्र लागत नाही. चांदी थंड असताना तिच्यावर हलकेच श्वास सोडायचा. वाफ धरते आणि उडते तेवढ्या क्षणात डाकाची रेघ आजूबाजूच्या चांदीपेक्षा वेगळी दिसते, कारण डाकातली धातू वेगळी असते. मी चारही बाजूंनी प्रकाश फिरवून पुन्हा पुन्हा पाहिलं. ठशाभोवती रेघ नव्हती. ठसा त्याच पत्र्यावर मारलेला होता.

मग तो कधी मारला? बिल्ला 1903 मध्ये तयार झाला असेल आणि ठसा नंतर कधीतरी, समजा विकताना किंवा दुरुस्तीच्या वेळी, मारला असेल, असं व्हायला काय हरकत? या वस्तूचं सगळ्यात बोलकं उत्तर इथे मिळालं. मिना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. मिना चढलेल्या पत्र्याच्या पाठीवर हातोडीने ठसा मारला तर पुढची काच तडकणार, बहुधा टवका उडणार. म्हणून मिन्याच्या वस्तूंवर ठसे आधी घेत आणि मग त्या भट्टीत जात. रशियन सम्मानचिन्हांवर कारागिराची अक्षरं चक्क मिन्याच्या थराखालून वाचता येतात, ती याच क्रमामुळे.

बिल्ला काळ्या कापडावर ठेवून निळा मिना वीसपट मोठा करून पाहिला. मागे जिथे 84 आणि चेहऱ्याचा ठसा आहे, बरोबर त्याच्या समोर निळ्या जमिनीत तीळभर जागा बाकीच्यापेक्षा किंचित फिकट आहे. पारदर्शक मिन्याचा रंग थराच्या जाडीवर ठरतो : थर जाड तर रंग गडद, पातळ तर फिकट. ठशाच्या आघाताने पत्रा समोरून केसभर वर आला होता. त्यावर मिना पसरला तेव्हा त्या उंचवट्यावर थर पातळ बसला. तिथे एकही तडा नव्हता. म्हणजे ठसा आधी, मिना नंतर. आणि ठसा 1908 नंतरचा असल्याने बिल्लाही 1908 नंतरच पुरा झाला. व्यापाऱ्याचं पहिलं निरीक्षण इथे अधिकच पक्कं झालं.

आता उरला खरा प्रश्न : 1908 नंतर म्हणजे 1910 की 1990? इथे मिन्याची रसायनं कामी येतात. आजच्या नकलांवर पुष्कळदा काच नसतेच, रंगीत रेझिन असतं. त्याची चकाकी थोडी मेणचट असते, अतिनील प्रकाशात ते बहुधा उजळतं आणि सुईचं टोक त्यात रुतू शकतं. (सुईने तपासू नये. काठावरचा सैल टवका त्यानेच सुटतो. पांढऱ्या झेंड्याच्या कडेला असा एक ताजा ओरखडा होता, आधी कुणीतरी हा प्रयोग केल्याचा.) त्यापेक्षा क्ष-किरण प्रतिदीप्तीचं यंत्र बरं, वस्तूला धक्का न लावता ते घटक दाखवतं. निळ्यात शिसं भरपूर आणि रंगासाठी कोबाल्ट. पांढऱ्यात शिसं आणि आर्सेनिक. जुने मिनाकार पांढरा अपारदर्शक करायला शिसं-आर्सेनिकचं संयुग वापरत. विसाव्या शतकात पुढे आलेलं टायटॅनियम इथे सापडलं नाही. नवं रेझिन असतं तर पांढऱ्यात पहिला दिसला असता टायटॅनियमच.

चांदीचं मोजमाप मी मागच्या बाजूने घेतलं, कारण पुढचं गिलीट आकडा बिघडवतं. मागेही पृष्ठभागावर 89 टक्के आलं आणि झिजलेल्या कडेवर 87.6. हा फरक पाहून दचकायचं कारण नाही. आम्लात उजळताना पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वरचा पापुद्रा जास्त शुद्ध दिसतो. झिजलेली कड खरं बोलते, आणि ती 84 च्या ठशाशी जुळते. वरची आद्याक्षरं 58 टक्के सोन्याची.

त्या आद्याक्षरांपाशी थोडं थांबायला हवं. ती दोन बारीक खिळ्यांनी पत्र्याच्या आरपार घालून मागे ठोकून बसवली आहेत. कुणी जुन्या साध्या बिल्ल्याला भोकं पाडून वर कंपनीची अक्षरं डकवली असती, तर भोकाच्या कडेला मिना कपचा उडाल्यासारखा दातेरी दिसला असता. इथे भोकाभोवती मिन्याची कड गोलसर आहे. भट्टीत काच वितळून स्वतःच वळते तशी. भोकं आधीची, मिना नंतरचा. अक्षरांची जागा पहिल्यापासून ठरलेली होती.

म्हणजे बिल्ला जुना, एकसंध, मॉस्कोत तपासलेला आणि 1908 नंतर घडलेला. लेखनही जुन्या वळणाचं होतं. पाठीवर ‘25 वर्षांच्या सेवेबद्दल’ अशा अर्थाची जी ओळ आहे, तिच्यात 1918 च्या लेखनसुधारणेने हद्दपार केलेलं ‘यात’ हे अक्षर आणि शब्दाच्या शेवटचं कठीण चिन्ह दोन्ही आपापल्या जागी होतं. नकलाकार घाईत असतात तेव्हा नेमके इथे घसरतात.

त्या ओळीकडे व्यापाऱ्याचं लक्ष गेलं नव्हतं आणि घरच्यांचंही. 25 वर्षं कुणाची? समोरच्या पट्टीवर कंपनीची पंचवीस वर्षं आहेत, 1878 ते 1903. मागे आहेत ती माणसाच्या नोकरीची.

मी बाईंना विचारलं, “आजोबांची काही कागदपत्रं आहेत का?” त्यांच्याकडे एक घडी घातलेला दाखला होता. त्यावर ‘रशियन पत्र’ असं लिहून तो आजवर डब्यात पडून राहिलेला. घरात रशियन वाचणारं कुणी उरलं नव्हतं. हा कंपनीने दिलेला सेवेचा दाखला निघाला. निझ्नी नोव्हगोरोदच्या धक्क्यावर मालाचा कारकून, 1886 च्या वसंतात नदी खुली झाल्यापासून नोकरीत. ओका आणि व्होल्गा यांच्या संगमावरचं हे गाव जत्रेसाठी प्रसिद्ध, आणि आगबोट कंपन्यांची मोठी उलाढाल तिथेच होई. हिवाळ्यात नदी गोठली की बोटी बंद, म्हणून त्या लोकांचं वर्ष बर्फ वितळण्यापासून मोजलं जाई. 1886 मध्ये लागलेल्या माणसाची पंचवीस वर्षं 1911 मध्ये भरतात.

सगळे धागे इथे जुळले. 1903 मध्ये कंपनीने आपल्या पंचविशीसाठी डाय करून घेतली. त्यानंतर दीर्घ सेवेचा बिल्ला देताना तीच डाय, तोच नमुना चालू ठेवला. समोर जयंतीची सालं तशीच, मागे सेवेची ओळ नवी. आजोबांची पाळी 1911 मध्ये आली. मॉस्कोच्या कारागिराने बिल्ला ठोकला आणि सरकारी तपासणीत त्या काळी जो ठसा होता तोच त्यावर बसला : उजवीकडे पाहणारा चेहरा आणि डेल्टा. घरात पुढच्या पिढीने समोरचं साल वाचलं आणि तेच मिळण्याचं साल समजलं. या बिल्ल्यावर डावीकडे पाहणारा चेहरा निघाला असता, तर उलट मी जास्त सावध झालो असतो.

राहिली कडी. ती खरोखरच वेगळी आहे : रंगाने थोडी पिवळट आणि घडणीने जाड. भिंगाखाली तिच्यावर रानडुकराचं इवलंसं मुंडकं दिसलं. 1838 पासून सव्वाशे वर्षं पॅरिसमध्ये लहान चांदीच्या वस्तूंवर मारला जाणारा हा ठसा. टंच किमान 800. आजोबा 1920 मध्ये क्रिमियातून कॉन्स्टँटिनोपलमार्गे पॅरिसला पोहोचले, हे बाईंना आईकडून ठाऊक होतं. मूळची कडी झिजून तुटली आणि तिथल्या एखाद्या सोनाराने नवी घातली. ज्या जोडामुळे वस्तू संशयास्पद वाटली, तो जोड कुटुंबाच्या प्रवासाशी बरोबर जुळतो.

एका बाबतीत मला मोह आवरावा लागला. 84 च्या शेजारी कारागिराची दोन अक्षरं आहेत. त्यांतलं दुसरं घासून अर्धं गेलंय. उरलेल्या रेघांतून मॉस्कोचं एखादं नामांकित नाव वाचणं अवघड नव्हतं, आणि तसं लिहिलं असतं तर किंमत कितीतरी वाढली असती. पण अर्ध्या अक्षरावर नाव उभं करायचं नाही. अहवालात ती जागा ‘अक्षरं अपूर्ण’ एवढंच लिहून सोडली.

बाकी अहवाल असा : चांदी 84, मॉस्को तपासणी, घडण 1908 ते 1917 दरम्यान, दाखल्याच्या आधारे साधारण 1911, डाय 1903 च्या जयंतीची, आद्याक्षरं 14 कॅरेट सोन्याची, मिना मूळचा, झेंड्याच्या कडेला लहान इजा, गिलीट काही ठिकाणी उडालेलं, कडी नंतरची, पॅरिसची.

बाईंनी विचारलं, “जुनी रशियन कडी मिळाली तर बदलून घेऊ का? सगळं जुळल्यासारखं दिसेल.” मी स्पष्ट नको म्हटलं. एक तर डाकाची आच मिन्याला सोसत नाही. शंभर वर्षांच्या काचेत न दिसणाऱ्या चिरा असतात आणि तापवलं की थर उडतो. याच कारणाने तो अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा चांदी उजळायच्या द्रवात घालायचा नाही. मऊ कोरडं कापड पुरे. आणि दुसरं, ती कडी काढली तर 1920 नंतरचा सगळा भाग पुसला जाईल. कुणाच्या हाती जाईल त्याला मग हा कधीच रशियाबाहेर न पडलेला बिल्ला वाटेल.

विम्याच्या यादीत बाईंनी बिल्ला आणि दाखला एकाच क्रमांकाखाली नोंदवले, आणि दाखल्याचा इंग्रजी तर्जुमा सोबत जोडला. मृत्युपत्रातही तसंच : दोन्ही एकाच भाच्याला, वेगळे न करता. घरच्या चिठ्ठीवरचं 1903 खोडून त्यांनी 1911 लिहिलं.